मंगरूळपीरला पाहिलेला घरच्या शिवणीचा मांडव

विदर्भात मंगरूळ नावाची गावे एकापेक्षा अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यातले ते मंगरूळ दस्तगीर आणि दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे ओळखले जाते ते मंगरूळपीर. हा तालुका पूर्वी अकोला जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो त्यात गेला. वाशीमहून एस.टी.ने साधारण तासाभराचा रस्ता. उन्हाळ्यात सोयाबीन-तुरीची काळी वावरे दोन्ही बाजूंना मोकळी पडलेली असतात. पिकाचा पैसा बँकेत आणि दुकानदाराकडे जाऊन संपलेला असतो आणि लग्नसराई नेमकी याच दिवसांत येते.

आम्ही तेथे गेलो ते एका धम्मबांधवाच्या मुलाच्या स्वागत समारंभासाठी. घर कोरडवाहू शेतीवरचे. मंगल परिणय वधूच्या गावी होणार होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहाराच्या अंगणात समारंभ ठेवला होता. आम्ही चार दिवस आधी पोहोचलो, म्हणून मांडवाची तयारी डोळ्यांनी पाहता आली.

घरात तेव्हा थोडा वाद चालू होता. बिछायत केंद्रवाल्याने फुलांची कमान, झालरी, मखमली खुर्च्या असा मोठा हिशेब दिला होता. वरपित्याचे म्हणणे, चार माणसांत मान राहिला पाहिजे, सावकाराकडून उचल घेऊ. वराची बहीण घरीच शिलाई मशीन चालवते. ती म्हणाली, "बाबा, फुलायले कर्ज काढाचं अन् दुसऱ्या दिवशी थेच फुलं उकिरड्यावर! कायले?" वधूपक्षाकडून एक पैसा घ्यायचा नाही, हे आधीच ठरले होते. आता आपणही कर्ज काढायचे नाही, असे तिने आईला आणि मोठ्या आईला पटवले. बाबा दोन दिवस गप्प होते.

पश्चिम विदर्भात हा वाद साधा नसतो. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत ज्या जिल्ह्यांची नावे वर्षानुवर्षे येत राहिली, त्यांत वाशीमही आहे. नापिकीच्या कर्जात लग्नाच्या कर्जाची भर पडली की घर उठून उभे राहायला किती वर्षे लागतात, हे येथल्या प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे.

शिवण विहारातच मांडली. दोन मशिनी आणि आठ-दहा भगिनी. मंचामागच्या पडद्यासाठी पांढरा मांजरपाट आणला. बाजारातल्या शिलाईच्या दुकानातील चाचांनी सॅटिनच्या कातरणाची भरलेली पिशवी पैसे न घेता दिली. त्या कातरणातून निळी झालर झाली. पताकांचा हिशेब तर वहीत लिहून घेण्यासारखा होता. आठ इंच रुंद आणि दहा इंच लांब त्रिकोण एक सुलट, एक उलट असे आखले, तर ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात २४ पताका निघतात. दोन पताकांमध्ये चार इंच जागा सोडून त्या नाडीवर शिवल्या की २४ फुटांचे तोरण तयार होते. 

पंचशील ध्वजाचा प्रश्न आला तेव्हा मोठ्या आईने सर्वांना थांबवले. कोणी सुचवले होते की, टेबलावरच्या चादरीलाच ध्वजाचे पट्टे लावू. ती म्हणाली, "झेंड्यावर ताटं ठेवतेत काय?" मग ठरले की पताका एकेका रंगाच्या असाव्यात आणि पूर्ण ध्वज एकच असावा, तोही मंचाच्या बाजूला उंचावर. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकला आणि १९५० साली तेथेच भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेत तो सर्व बौद्धांचा म्हणून स्वीकारला गेला. त्या परिषदेला बाबासाहेब उपस्थित होते. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे पाच उभे पट्टे आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग वरून खाली. तीन फूट बाय दोन फूट ध्वजाला प्रत्येक पट्टा सहा इंचांचा लागतो आणि शिवणीसाठी तो सात इंच कापावा लागतो. सहाव्या पट्ट्याचे पाच तुकडे जोडताना उंचीत थोडाही फरक पडला, तर सगळा ध्वज वाकडा दिसतो. तो पट्टा दोनदा उसवून तिसऱ्यांदा सरळ बसला.

शिवता शिवता बाबासाहेबांच्या आठवणी निघाल्या. त्यांचे आणि माता रमाईचे लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री मोकळ्या जागेत झाले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. तेथे बाबासाहेबांनी माय-बहिणींना सांगितले की, मुले आर्थिक भार पेलण्याइतकी उभी राहीपर्यंत त्यांच्यावर लग्न लादू नका. आणि महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, एका अनुयायाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी बौद्ध विवाहाचा विधी कळवला. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाण्याने भरलेले नवे मातीचे मडके, त्यात सोडलेला सुताचा धागा, त्याचे एकेक टोक दोघांच्या हाती आणि अंगावर पांढरी वस्त्रे. एवढ्या साहित्यात जो विवाह पूर्ण होतो, त्याच्या समारंभासाठी वावर गहाण पडावे, हे आपल्याला शोभणारे नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा कोणाला न सांगता शिडी घेऊन आले आणि तोरणाचे टोक पिंपळाला बांधू लागले. कापड पुरेल काय, एवढेच त्यांनी विचारले. समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन केले, वधू-वरांना मंगल कामना दिल्या आणि बेसन-पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात जेवून गेले. मांडव कोणी शिवला, हे नव्या सुनेने विचारून घेतले आणि त्या भगिनींना मंचावर बोलावून त्यांच्यासोबत फोटो काढला.

समारंभानंतर काहीच उकिरड्यावर गेले नाही. पडदा, झालर आणि तोरणे धुऊन, घड्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटी विहारात गेली. भगिनींनी नियम केला आहे: ज्याच्या घरी कार्य असेल त्याने पेटी न्यावी, सामान धुऊन परत आणावे आणि आपल्याकडून एक नवे तोरण त्यात घालावे. भाडे नाही.

आमच्या वाचक भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्या विहारातही अशी एक पेटी करता येईल. सुरुवातीला दोन मीटर मांजरपाट, थोडे कातरण आणि वस्तीतले एखादे शिलाई मशीन पुरे आहे.