कंडेन्सरवरची फुली

जून लागला की महाड-पोलादपूरकडे गोधड्यांना कुबट वास येतो, चपलांवर पांढरी बुरशी धरते, काडेपेटीतली काडी पेटता पेटत नाही. तोच ओलावा मॉनिटरच्या मागच्या जाळीतून आत शिरतो. मग माझ्याकडे मॉनिटर यायला लागतात. आणणारा 'डेड झालाय' म्हणतो. पण त्यांतले बरेचसे मेलेले नसतात.

परवाचा मॉनिटर तळीयेच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा होता. 2021 च्या दरडीनंतर म्हाडाने बांधलेल्या घरांत त्याचं कुटुंब राहतं. "दादा, लाइट लागते, चित्र येतं अन् लगेच जातं," तो म्हणाला. मी टेबलावरचा दिवा मालवला आणि काळ्या काचेवर तिरका टॉर्च धरला. काचेत आयकॉनची फिकी रांग दिसली, एका फोल्डरवरचं त्याचं नावही वाचता आलं. तो वाकून बघतच राहिला. चित्र जागच्या जागी होतं, त्याच्या मागचा उजेड तेवढा गेला होता. जुन्या एलसीडीत हा उजेड बारीक नळ्यांचा असतो. त्या नळ्यांना शेकडो व्होल्ट लागतात, आणि सप्लाय दमला की ते पुरवणारा इन्व्हर्टर त्या बंद करून टाकतो.

"आधी काही करत होता का हा?" मी विचारलं. दिवाळीपासून चालू व्हायला वेळ घेत होता. मग बटण दोन-तीनदा दाबावं लागायचं. मग आतून टिकटिक यायला लागली. म्हणजे मॉनिटर आठ महिने सांगत होता.

मागचं कव्हर काढलं की सगळ्यात मोठा दिसतो तो 450 व्होल्टचा कंडेन्सर. घरातल्या 230 व्होल्ट एसीचे इथे सव्वातीनशेच्या आसपास डीसी होतात, आणि प्लग काढल्यावरही ते आत राहू शकतात. काही जण स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात. मला ते अजिबात पटत नाही. रेझिस्टर लावावा, थांबावं, मीटर शून्याजवळ आला की मगच हात घालावा.

बिघाड मात्र त्या मोठ्या कंडेन्सरच्या पलीकडे होता, 1000 मायक्रोफॅरडच्या तीन कंडेन्सरांत. दोघांच्या टोप्या भाकरीसारख्या फुगल्या होत्या. तिसऱ्याच्या बुडाशी तपकिरी डाग वाळला होता. टोपीवर फुली कोरलेली असते, ती मी त्याला बोटाने दाखवली. आतलं रसायन तापून त्याचा वायू झाला की पत्रा तिथेच फुटावा, म्हणून ती जागा मुद्दाम नाजूक ठेवलेली असते. उष्णता हाच ह्या कंडेन्सरांचा खरा काळ. 105 अंशांवर 2000 तास टिकणारा कंडेन्सर 65 अंशांवर साधारण 32,000 तास चालतो, कारण दर दहा अंशांना आयुष्य दुप्पट होतं किंवा निम्मं. भिंतीला चिकटवून, वर कपडा टाकून ठेवलेला मॉनिटर म्हणूनच लवकर जातो.

फुटायची जागा कंडेन्सरवर आखून दिलेली असते. डोंगरात ती शोधावी लागते: जमिनीच्या नव्या भेगांवरून, कललेल्या झाडांवरून, एकाएकी गढूळ झालेल्या झऱ्यावरून. 22 जुलै 2021 ला तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. सावित्री जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरात चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला होता. इतक्या पावसापुढे तळीयेच्या माणसांना कुणी दोष देऊ नये. पण डोंगराची पाहणी वेळच्या वेळी, पावसाळ्याआधी, माहीतगार माणसाने चालत जाऊन करायला हवी, एवढं मी दरवर्षी मे महिन्यात भेटेल त्याला सांगतो.

त्याच पावसाच्या पुराने महाडच्या बाजारपेठेत चिखल भरला. टीव्ही, मॉनिटर, सीपीयू गाद्यांसोबत रस्त्यावर आले. त्यांतले कितीतरी वाचले असते. पुरात भिजलेली वस्तू चालते का बघायला लगेच प्लग लावला की संपली. बोर्ड आधी स्वच्छ पाण्याने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण सुकू द्यायचा. काचेच्या आतल्या पडद्यांत गढूळ पाणी गेलं असेल तर मात्र डाग जात नाहीत. तिथे गिऱ्हाइकाला आशा दाखवू नये.

दोन कंडेन्सर मी बदलले, तिसरा त्याच्या हातात दिला. अंगावरची पांढरी पट्टी ऋण बाजूची, ती उलटी लागली तर नवा कंडेन्सरही फुटेल, एवढंच बजावलं. त्याने डाख जरा जास्तच घातला, पण पाय नीट धरला गेला. मग मॉनिटर सिरीज बल्बवर, म्हणजे एका बल्बमधून वीज देऊन, लावला. बल्ब एकदा भपकन पेटला आणि मंद झाला. म्हणजे शॉर्ट नाही. तो पेटलेलाच राहिला असता तर पुन्हा बोर्ड काढावा लागला असता. मेनवर घेतल्यावर चित्र आलं आणि टिकलं. तरी तासभर चालू ठेवला, गरम झाल्यावरच खरं काय ते कळतं.

त्या तासात तो फुगलेले कंडेन्सर तळहातावर घेऊन बसला होता. मग म्हणाला, "दादा, घरचा पंखा हल्ली हाताने ढकलल्याशिवाय फिरत नाही. त्यातपण हाच असतो का?"

"असतो, पण दुसऱ्या जातीचा. अडीच मायक्रोफॅरडचा. बंद पडायच्या आत घेऊन ये."

"रविवारी आणतो," म्हणाला, आणि मॉनिटर एसटीत कसा न्यायचा ते विचारू लागला.