वरून इंगळ, खालून जाळ

बारामती आणि इंदापूरच्या बागायती पट्ट्यात साठ-सत्तरच्या दशकांत जे वाढले, त्या आम्हा सगळ्यांना सकाळी गोड खायची सवय घरानंच लावली. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना त्याचं नवल वाटायचं. त्यांच्याकडे सकाळी पोहे नाहीतर उपमा, गोड सणावाराला. आमच्याकडे ऊसतोड चालू असली की न्याहारीलाच गुळाच्या लापशीचं पातेलं उतरायचं. त्यात चैन नव्हती. पहाटे पाण्याच्या पाळीवर गेलेला माणूस नऊ-दहाला बांधावर टेकायचा, तेव्हा त्याच्या पोटात असं काही पडायला हवं होतं की दुपार कलेपर्यंत भूक उठू नये. घरातल्या बायांनी ते गणित पक्कं बसवलं होतं.

हे गोड आमच्याकडे आलं ते पाण्यामागून. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरा डाव्या कालव्याचं काम काढलं आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. वर भाटघरचं धरण झालं, खाली उसाचे फड उभे राहिले. उसामागून गुऱ्हाळं आली, मग कारखाने. १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर वालचंदनगर वसलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर ही सहकारी कारखान्यांची गावं झाली. पण कालव्याचं पाणी सगळीकडे चढलं नाही. सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा भाग जिरायतच राहिला, आणि त्यामुळं एकाच बारामती तालुक्यात दोन प्रकारच्या न्याहाऱ्या नांदत होत्या. जिरायत भागात बाजरीची शिळी भाकरी, वर ठेचा, आणि थंडीत हुलग्याचं माडगं. त्या माडग्यात गुळाचा खडा पडला तर तो दिवस चांगला.

आमची आई त्या जिरायत गावची. लग्न होऊन ती कालव्याच्या कडेला आली, तेव्हा सासरच्या माळवदाच्या घरात गुळाच्या ढेपा भिंतीला लावून रचलेल्या तिनं पहिल्यांदा पाहिल्या. ही गोष्ट ती म्हातारपणापर्यंत सांगायची. माहेरी गूळ फडताळात कुलपाखाली असायचा, इथं तो गुरांच्या आंबोणातही पडत होता. म्हणूनच असेल, गूळ वापरताना तिचा हात कधी सैल झाला नाही. थोरल्या काकी बागायतदाराच्या लेक, त्यांचा हात सढळ. दोघींची लापशी एकाच चुलीवर शिजायची आणि चव मात्र दोन तऱ्हांची असायची. आम्ही पोरं चाखून ओळखायचो की आज पाळी कुणाची आहे.

गुऱ्हाळाच्या दिवसांत घरातलं निम्मं लक्ष शेतात असायचं. चुलवणावर काहील चढलेली, चिपाडांचा जाळ, रसावर आलेली मळी झाऱ्यानं काढून बाजूला टाकायची. मळी वर यावी म्हणून रसात रानभेंडीच्या झाडाचा चीक घालत. गुळव्याची नजर फक्त बुडबुड्यांवर. साधारण १०५-१०६ अंशांना रस आला की काकवी काढून घ्यायची, आणि पुढं ११८ च्या आसपास गेला की गूळ. तिथं थर्मामीटर कुणाकडेच नव्हता. गुळव्या पाण्यात थेंब टाकून बघायचा, गोळी झाली की काहील उतरवायची. आम्हाला उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून मिळायचा. काकवीच्या बरण्या घरी आल्या की खऱ्या अर्थानं गोड न्याहारीचा हंगाम सुरू व्हायचा.

आता त्या लापशीकडे येते. ती पातळ नसायची. गहू जात्यावर भरडून, चाळून जो जाड रवा उरे, तो आजी तुपावर तांबूस होईपर्यंत परतायची. मग उकळतं पाणी. कण मऊ शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, हा तिचा कायदा, आणि तो बरोबरच होता. गूळ आधी पडला तर दाणा नंतर कितीही शिजवा, टणकच राहतो. शिजलेल्या रव्यात काकवी, किसलेलं डांगर, शेंगदाण्याचं जाडसर कूट, सुंठ आणि रात्रीच्या दुधावरची साय. हे सगळं जाड बुडाच्या पातेल्यात थापायचं. जाळ मागं ओढून मंद करायचा, पातेल्यावर लोखंडी तवा उपडा न घालता सरळ ठेवायचा, आणि त्या तव्यात इंगळ भरायचे. वरून इंगळ, खालून जाळ. अर्ध्या-पाऊण तासानं तवा काढला की वरची साय तांबडी होऊन तिची साल झालेली, कडेनं काकवी खरपूस चिकटलेली. उलथन्यानं चौकोन पाडायचे. फडक्यात बांधून शेतावर न्यायला सोपे, आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगले लागायचे. कडेचा खरपूस तुकडा कुणाला, यावरून आम्हा चुलत भावंडांत रोज भांडण व्हायचं. आजी तो बहुतेक वेळा ज्याला ताप येऊन गेला असेल त्याला द्यायची.

या पदार्थाला वेगळं नाव आमच्या घरात नव्हतं. भाजलेली लापशी, एवढंच. ज्वारीच्या कण्यांचीही करत. कण्या रात्री भिजत घालाव्या लागत आणि शिजायला वेळ घेत, पण माझ्या जिभेला आजही तीच चव सरस वाटते. ज्वारीला स्वतःची एक सौम्य गोडी आहे, गूळ कमी लागतो.

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीच्या जिभेवरही आहे. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. गावोगावच्या दुष्काळी कामांवर बाया खडी फोडत होत्या, आणि तिथं सुकडी वाटली जायची. भाजलेल्या पिठाची, गोड, कोरडी. माझ्या मामी ती पदरात बांधून घरी आणायच्या, स्वतः न खाता. त्या सुकडीत पाणी आणि असेल तर दुधाचा हबका मारून, तव्यावर झाकण ठेवून त्या तिची जाड दशमी भाजायच्या. आजोळच्या भावंडांची ती न्याहारी होती. बारामतीच्या जिरायत भागात याच्या थोडं आधी, साठच्या दशकाच्या शेवटी, कासा या संस्थेच्या मदतीनं कामाच्या बदल्यात गहू आणि तेल देऊन पाझर तलाव बांधले गेले. शरद पवार तेव्हा तरुण आमदार होते. त्या तलावांनी पुढं विहिरींना पाणी आलं. पण त्या कामावरच्या बायांनी मजुरीतला परका गहू भरडून पोरांना सकाळी काय करून घातलं, हे कुठल्याही अहवालात आलेलं नाही. ते आमच्या आठवणीतच आहे, आणि म्हणून ते लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इंदापूरच्या बाजूला मोठी उलथापालथ उजनीनं केली. १९८० साली धरण झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर अजून पाणी ओसरलं की दिसतं. आमच्या आत्याचं घर त्याच काठच्या एका गावात होतं. नव्या गावठाणात घर उठवताना तिनं दरवाजाची चौकट, जातं आणि तो लोखंडी तवा एवढं बैलगाडीत घालून आणलं. नवं घर पत्र्याचं होतं, चूल बाहेर होती, वारा इंगळ विझवायचा. तिनं दगड लावून आडोसा केला आणि दिवाळीच्या आधी भाजलेली लापशी करून शेजारच्या चार घरांत वाटली. ती घरं वेगवेगळ्या वाड्यांवरून आलेली, एकमेकांना नीट ओळखतही नव्हती.

वालचंदनगरच्या कॉलनीत धाकट्या काकींची बहीण राहायची. तिच्याकडे अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आम्ही पहिल्यांदा पाहिला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यात तिनं रव्याचा केक केला. आजीनं खिडकीतून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही आपलीच वर-खाली आगीची तऱ्हा हाय. फक्त इंगळ टाकायला लागत न्हाईत." पुढं तो ओव्हन आमच्याही घरी आला. वीज जायची, मग पातेलं अर्ध्यातून पुन्हा चुलीवर.

ओट्सचं म्हणाल, तर ते आम्हाला आधी गोठ्यात भेटले. संकरित गाई आल्या, दुधाचा धंदा वाढला, आणि रब्बीत ओट हिरव्या चाऱ्यासाठी पेरायला लागले. केंट हे वाण सगळ्यांच्या तोंडी होतं, नंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले हरिता आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, पन्नास-साठ दिवसांनी पहिली कापणी, मग फुटव्यावर दुसरी. त्याचे दाणे चपटे करून पाकिटात येतात आणि माणसं न्याहारीला खातात, हे आमच्या वडिलांना पटायला वेळ लागला. मला त्यात वावगं काही दिसत नाही. ज्या गाईंनी आमच्या घराचं कर्ज फेडलं, त्यांचा चारा आहे तो.

आता पुतण्याची बायको बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला जाते. तिची दोन मुलं, सकाळी सातची शाळा. ती रविवारी ओट्स भाजून ठेवते आणि तीन दिवस पुरवते. दोन वाट्या जाड ओट्स, पावणेदोन वाट्या दूध, इंदापूरची दोन पिकलेली केळी कुस्करून, पाव वाटीहून थोडा जास्त किसलेला गूळ, दोन मोठे चमचे तूप, एक लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलदोडा. दूध गार असावं, कारण गरम दुधात गूळ घातला तर ते फाटू शकतं. केळ्यामुळं अंड्याची गरज पडत नाही. तूप लावलेल्या भांड्यात ओतून १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, त्यावर भांडं ठेवून, झाकून मंद आचेवर पाऊण ते एक तास. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, नाहीतर तुकडे पडत नाहीत. धाकट्या मुलाच्या, म्हणजे आमच्या लहानग्या नातवाच्या हट्टानं ती कधी कोको घालते, कधी वर शेंगदाण्याचं कूट आणि काकवी. तो म्हणतो, सकाळी सकाळी केक. मला ते चालतं. पोर पोटभर खाऊन शाळेत जातं आणि मधल्या सुट्टीपर्यंत टिकतं.

मात्र आमच्या वयाच्या माणसांना मी एक स्पष्ट सांगते. ही न्याहारी अंगमेहनतीची होती. दारं मोडणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या, खडी फोडणाऱ्या शरीराला तेवढा गूळ जिरत होता. आज आपण खुर्चीत बसतो, अनेकांना मधुमेह आहे. गूळ आहे म्हणून साखरेपेक्षा फार सोसेल, हा समज खरा नाही. आम्ही घरात मोठ्यांच्या भांड्यात गूळ जवळपास घालतच नाही. डांगर आणि केळ्याची गोडी पुरते, तुकडा लहान घेतो.

पुतण्याच्या बायकोला मी कण्यांचीही रीत दिली. एक वाटी कण्या रात्रभर भिजवून तीन वाट्या पाण्यात मऊ शिजवायच्या, मग त्यात वाटीभर दूध, केळं, डांगराचा कीस, कूट आणि गूळ घालून तेवढ्याच आचेवर भाजायच्या. मेहनत जास्त आहे, पण चवीत ओट्स कण्यांच्या जवळपासही येत नाहीत, असं मी ठामपणे म्हणेन. ज्वारी आपल्या रानात पिकते. बारामतीच्या बाजारात कण्या मिळाल्या नाहीत तर गिरणीत भरडून घ्या.

आजीनं कधी माप सांगितलं नाही. तिचं माप ओंजळीचं होतं, आणि थोरल्या काकींनी ते पाहून पाहून उचललं. काकी गेल्या तेव्हा आमच्यापैकी कुणीच ती ओंजळ वाटीत मोजून ठेवली नव्हती, वरची मापं आम्ही आठवून आणि करून पाहून बसवली आहेत. तुमच्या घरात असं वर-खाली आगीवर करणारी कुणी म्हातारी असेल, तर तिला एकदा करायला बसवा आणि तिनं ओंजळ भरली की ती भांड्यात पडण्याआधी वाटीत घेऊन मोजा. ऊस गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, ताजी काकवी तेव्हाच मिळते.