चि. बाळला, आत्याचं पत्र

विश्रामबाग, सांगली

चि. बाळ,

तुमच्या कॉलनीने पोलिसांना द्यायच्या अर्जाचा फोटो मिळाला. सह्या भरपूर आहेत, पण मजकूर भडक. ‘गुंड’, ‘समाजकंटक’ ओळीओळीला आलेत. तारीख, वेळ, गाडीचा नंबर एकदाही नाही. कोर्टातल्या नोकरीत मी असे कितीतरी कागद फायलीला लावले. त्यांचं पुढे काय होतं, ते सांगू नये.

तुम्ही चार गोष्टी एका गाठोड्यात बांधल्यात. ओपन स्पेसमधली दारू, रात्री फटाक्यांसारख्या वाजणाऱ्या बुलेटी, वाढदिवसाला तलवारीने कापलेला केक आणि ‘पोरं नुसती बसलेली असतात’. यातली शेवटची मुळी तक्रारच नाही. नुसतं बसणं गुन्हा असता, तर आपल्याकडचा प्रत्येक पार कधीच ओस पडला असता. तलवारीचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. तो शस्त्र कायद्याखालचा गुन्हा आहे; दिसली की ११२ ला फोन करायचा, मीटिंग बोलवायची नाही. सायलेन्सर वाहतूक शाखेचं काम. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तूही पाहिले असशील. लाऊडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. कृष्णा हॉस्पिटल असलेल्या तुमच्या कराडजवळच्या मलकापुरात हे कुणाला सांगायला लागावं, याचंच नवल वाटतं.

आता तुमची ‘तडीपार करा’ ही मागणी. मुंबई पोलीस कायदा म्हणून १९५१ साली आलेल्या कायद्यात ती तरतूद आहे. कलम ५६ खाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. पण ती कुणासाठी? ज्याच्या मारहाणीची, दहशतीची एवढी धास्ती बसलेली असते की साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नसतात, त्याच्यासाठी. नोटीस निघते, म्हणणं ऐकलं जातं, मग आदेश होतो. बारावी नापास होऊन कट्ट्यावर शिव्या देणाऱ्या पोराला त्या खात्यात घातलंत, तर प्रकरण टिकणार नाही आणि पोरगा कॉलर ताठ करून परत येईल.

मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. आपल्या अंजनीचे आर. आर. आबा गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ ला, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, पोलीस पाटील आणि बीट अंमलदारांना सोबत घ्यायचं, बांधाची, भावकीची, आपसात मिटण्याजोगी भांडणं गावातच मिटवायची. गाव तंटामुक्त ठरलं की शासनाचं बक्षीस. पुढे पुष्कळ गावांत फलक तेवढे उरले, आणि समितीला मुख्य काम राहिलं ते पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं लावायचं! (तेही पुण्याचंच काम म्हण.) पण एक गोष्ट त्या मोहिमेने बरोबर ओळखली होती: घर आणि पोलीस ठाणं यांच्या मधे एक ओटा लागतो, जिथे पोराच्या बापाला बोलावून दोन शब्द सुनावता येतात.

मलकापूर ग्रामपंचायत होतं तोवर तो ओटा होता. मग नगरपंचायत झाली, पुढे नगरपरिषद. गटारं आली, टॅक्स वाढला, ग्रामसभा गेली. हायवेच्या दोन्ही अंगांना अपार्टमेंटं उठली. शेजारच्या पोराचं नाव माहीत नाही, मग त्याच्या बापाचं कुठून असणार? नाव माहीत नसलं की थेट अर्ज लिहावासा वाटतो. तिकडे कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि टीव्ही-मोबाईल बंद होतात. नेवाशाजवळच्या सौंदाळ्याने २०२४ मध्ये ग्रामसभेत शिवीगाळीला पाचशे रुपये दंड ठरवला. दंड किती वसूल झाला ते सोड. पोराला शिवी देताना गावाने काय ठरवलंय ते ठाऊक असतं, एवढं पुरे. तुमच्या कॉलनीने काय ठरवलंय?

पण इथे मला तुझी भीतीही वाटते. ‘त्या घरच्यांशी बोलायचं नाही, कार्यक्रमाला बोलवायचं नाही’ असं कॉलनीच्या ग्रुपवर कुणी लिहिलंय म्हणालास. ते ताबडतोब थांबव. जातपंचायतींनी माणसं कशी वाळीत टाकली, हे साताऱ्याच्या दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिलं. २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू आहे; तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरांना आत घालायला निघालेले तुम्हीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायची वेळ येऊ शकते.

आणि एक, मलकापूरकरांनीच जगाला दाखवलेलं. जिथे पाणी तासभर येतं, तिथे नळाला थेट मोटर लावून दुसऱ्याचं पाणी ओढतात, त्यावरून डोकी फुटतात. मलकापूरने चौकाचौकात शिपाई उभे केले नाहीत. चोवीस तास पाणी दिलं, प्रत्येक नळाला मीटर बसवलं, जास्त वापराला चढा दर लावला. पाणी कधीही येतं म्हटल्यावर मोटर लावून ओढणार कोण, आणि कशाला? ती योजना पाहायला बाहेरगावचे लोक आले. मग त्याच गावातली ओपन स्पेस अंधारात का? दिवा नाही, कुंपण नाही, नेट नाही. संध्याकाळी तिथे दारू पिणाऱ्याशिवाय जाईल कोण? नगरपरिषदेकडे दिव्यासाठी अर्ज दे, आणि व्हॉलीबॉलचा खांब रोवायला त्याच पोरांना बोलाव. निम्मी येणार नाहीत. येतील त्यांची नावं तरी कळतील.

दारूच्या दुकानाचा प्रश्न असेल तर वॉर्डातल्या बायकांना विचार. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं. पण आडवी बाटली, म्हणजे दुकानबंदी, जिंकायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. घरात बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. पुष्कळ ठिकाणी तिथेच हरलेत, तेव्हा याद्या आधी तपासा.

अर्ज फाडू नकोस, नव्याने लिही. तक्रारी वेगळ्या, कागद वेगळे, प्रत्येकावर तारीख-वेळ, आणि पोच घ्यायला विसरू नकोस. आधी मात्र त्या तलवारवाल्याच्या आईला भेट. एकटा जाऊ नकोस, सूनबाईला घेऊन जा. बाईमाणूस सोबत असलं की दार लवकर उघडतं. मसुदा मला पाठव, शुद्धलेखन मी बघते.

तुझी,
आत्या