शांत मुलांची शिफारस

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बारावीची काही मुलं स्टाफरूमच्या दाराशी येऊ लागतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांत अर्ज करायचा असतो आणि त्यासाठी शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. आपल्याकडे जेईई किंवा सीईटीला असलं पत्र कुणी विचारत नाही. तिकडे एमआयटीसारखी संस्था दोन पत्रं मागते: एक गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं.

बोलक्या मुलांचं पत्र लिहायला वेळ लागत नाही. स्नेहसंमेलन, वादविवाद, वर्गातले प्रश्न असे प्रसंग चटकन आठवतात. शांत मुलांच्या बाबतीत पेन अडतं आणि मग ‘शांत, आज्ञाधारक, कष्टाळू’ एवढ्यावर पत्र संपतं. हे वर्णन खोटं नसतं, पण ते हजार मुलांना लागू पडतं. हे पत्र पाहण्याचा हक्क बहुतेक मुलं अर्जातच सोडून देतात, त्यामुळे आपल्याविषयी काय लिहिलं गेलं हे त्यांना कळतही नाही.

या विशेषणांची किंमत कधी कधी फार मोठी असते. 1990 साली अमेरिकी शिक्षण खात्याने हार्वर्डच्या प्रवेशांची चौकशी पूर्ण केली, तेव्हा आशियाई वंशाच्या अर्जदारांवरच्या शेऱ्यांत शांत, लाजाळू, विज्ञान-गणिताकडे ओढा असलेले, मेहनती अशीच वर्णनं पुन्हा पुन्हा आढळली. पुढे या अर्जदारांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डवर खटला झाला. 2019 च्या निकालात न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचं मान्य केलं नाही. मात्र या मुलांना व्यक्तिमत्त्वासाठी कमी श्रेणी मिळण्यामागे शाळेतून आलेली शिफारसपत्रं हे एक कारण असू शकतं, असं नोंदवलं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पत्रं मात्र आजही शिक्षकच लिहितात.

माझ्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक मुलगी होती. वर्षभरात तिने वर्गात हात वर केल्याचं मला आठवत नाही. एकदा स्क्रूगेजची रीडिंग्ज घेताना सगळ्या टेबलाची उत्तरं चुकत होती. तिने उपकरणाची शून्य त्रुटी तपासली, आपली रीडिंग्ज खोडून नव्याने घेतली आणि पुढच्या बॅचसाठी त्रुटीचा आकडा चिठ्ठीवर लिहून ती डबीत ठेवून दिली. कुणाला काही सांगितलं नाही. तिच्या पत्रात मी हा प्रसंग जसाच्या तसा लिहिला. कॉमन ॲप या अमेरिकी विद्यापीठांच्या सामाईक अर्जात शिक्षकांनी भरायच्या तक्त्यात वर्गचर्चा, आत्मविश्वास, नेतृत्व यांचे रकाने आहेत, तसेच शिस्तबद्ध काम, सचोटी आणि इतरांविषयीची आस्था यांचेही आहेत. तिची चिठ्ठी या तीनही रकान्यांत बसते. पुढाकाराच्या रकान्यातही बसते, असं माझं ठाम मत आहे.

शंभर मुलांच्या तुकडीत प्रत्येकाकडे असं लक्ष देणं अवघड आहे, हे मी रोज अनुभवते. म्हणून जर्नल तपासताना चार ओळींची नोंद मी तेव्हाच करून ठेवते. मुलांनाही सांगते, पत्र मागायला येताना तुम्ही केलेल्या कामाचा एखादा कागद घेऊन या. स्वतःची स्तुती करावी लागत नाही, काम दाखवलं तरी पुरे. आईवडिलांनीही ‘जरा बोलत जा’ म्हणून मुलांच्या मागे लागू नये.

आणि माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पुढचं पत्र लिहाल तेव्हा त्या मुलाचा स्वभाव सांगण्याआधी त्याने केलेलं एक काम लिहा.