रेघेमागचे वाक्य

मधुमेही आईला लाडू न देणारा मुलगा चारचौघांत गुणी समजला जातो. गेली दोन वर्षे मी हा गुणीपणा मिरवीत आहे. ऐंशी ओलांडल्यावर आई गॅसवरचे दूध विसरू लागली, मला धाकट्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. आणि साखरेने विस्मरण जडते असे कुठेसे वाचल्यापासून आमच्या लातूरच्या घरातला फराळाचा डबा फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर गेला. डबा कुठे आहे हे मात्र ती कधीच विसरत नाही!

मागच्या महिन्यात उत्तरपत्रिका तपासायला नांदेडला गेलो होतो. माझी भाची तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जीवशास्त्राची एम. एस्सी. करते. आजीची हकीकत ऐकून तिने लॅपटॉप उघडला. ‘स्ट्रिंग’ नावाच्या त्या सोयीत शरीरातल्या प्रथिनांची सोयरीक मांडलेली असते. तिने इन्शुलिनचे नाव घातले आणि अल्झायमरच्या रोग्याच्या मेंदूत ज्याचा साका बसतो त्या प्रथिनाचेही. पडद्यावर रंगीत गोळे उमटले, गोळ्यांमध्ये रेघा आल्या. मधोमध एक तिसराच पाहुणा होता. इन्शुलिन मोडणारे एक विकर मेंदूतला तो साकाही मोडते म्हणे. एकाच जात्यावर दोन्ही दळणे! इन्शुलिन फार झाले की दुसरे दळण मागे राहत असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

एका रेघेचा आकडा ०.९ च्याही पुढे होता. माझ्या पोटात गोळा आला.

“म्हणजे नव्वद टक्के धोका?”

“नाही हो मामा! या दोघांचा काहीतरी संबंध आहे, या म्हणण्यावर किती विसंबावं, त्याचा तो आकडा. संबंध कसला, ते रेघेच्या मागं बघायचं.”

तिने रेघेवर टिचकी मारली. प्रयोगांचे पुरावे एकीकडे निघाले आणि ज्या निबंधांत ही दोन नावे जोडीने येतात त्यांचे सारांश दुसरीकडे. ‘पबमेड’ या सूचीत असल्या निबंधांच्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्या माणसाने कशा वाचाव्यात? म्हणून यंत्र वाचते. पण ते पाहते मुख्यतः नावांची जवळीक. “या दोहोंत संबंध आढळला नाही” असे कुणी लिहिले तरी नावे शेजारी आलीच, आणि रेघेच्या पारड्यात तेही वाक्य पडू शकते.

मला माझा एम. ए.चा प्रबंध आठवला. दोन संतकवींची नावे एका पानावर दिसली की ‘प्रभाव’ लिहून मी मोकळा होत असे. पदटीपेतल्या निम्म्या पोथ्या मी उघडल्याही नव्हत्या. परीक्षकांनीही नसाव्यात.

अर्थात रेघ ओढणे वाया जात नाही. १९८६ साली शिकागोच्या डॉन स्वॉन्सन यांनी माशांच्या तेलावरचे निबंध आणि बोटे गार पडणाऱ्या रेनो या विकारावरचे निबंध, असे एकमेकांना न ओळखणारे दोन गठ्ठे शेजारी ठेवले आणि त्या तेलाने या रोग्यांना उतार पडावा, असे अनुमान काढले. पण त्यासाठी त्यांनी ते गठ्ठे वाचले होते.

आम्हीही अंधार पडेपर्यंत वाचले. भाची अर्थ सांगे, मी क्रियापदे पाही. काही निबंध उंदरांवरचे, काही काचेच्या बशीतल्या पेशींवरचे. माणसांवरच्या अभ्यासांत मधुमेह्यांना स्मृतिभ्रंश अधिक आढळतो, हे होतेच. परंतु बाकी सगळीकडे ‘असावे’, ‘सूचित होते’, ‘शक्य आहे’. दिवाळीच्या एका लाडवाने आई मुलाचे नाव विसरते, असे कुठेही नव्हते.

“साखर वाढते म्हणून लाडू मोजून द्या,” भाची म्हणाली, “पण आजीच्या विसरण्याचं खापर लाडवावर कशाला?”

बसमधूनच डॉक्टरांना फोन केला. सणाला एक, लहानसा, एवढी परवानगी मिळाली.

रात्री आईने दार उघडले आणि मला धाकट्याच्या नावाने हाक मारून विचारले, “नांदेडहून काय आणलंस रे?”

पिशवीत छापलेल्या सारांशांचे कागद होते. मी फडताळाखाली स्टूल ओढले.