मे महिन्याचा दिवस

आमच्या तासगाव भागात मे महिन्याचा दिवस सकाळ-संध्याकाळ माणसांचा आणि दुपारी उन्हाचा असायचा. तांबडं फुटायला अंगणातल्या वाकळा गोळा व्हायच्या आणि वैरण, पाणी, रानातली कामं दहाच्या आत उरकायची. बारानंतर कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की आज्जीचा आवाज यायचा, ‘‘उन्हाचं कुठं चाललास रं?’’ उष्णतेच्या लाटेत दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, असं आता सरकारी सूचनेत सांगतात. तेव्हा ते घरातच ऐकायला मिळायचं.

न्याहारीला आंबील असे. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात ठेवायचं. सकाळी आधण आलं की ते ओतायचं आणि पळी थांबवायची नाही, नाहीतर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. शिजून निवली की ठेचलेला लसूण, जिरं, मीठ आणि वरून पुन्हा ताक. तांब्या तोंडाला लावून ती प्यायची. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ अंगात परत येई, पोटाला आधार होई, तरी जडपणा नसे. दुपारी राखेत भाजलेल्या कैरीचं, गुळाचं पन्हं. चिमूटभर मीठ त्यातही असायचंच.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारी-नाचणीला शहरात पुन्हा मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आज तहान लागली की मुलाचा हात फ्रिजमधल्या गोड बाटलीकडे जातो. साखर पोटात जाते, भूक मरते आणि जेवणाच्या वेळी ताट तसंच राहतं. ताकाचा तांब्या समोर असेल तर मुलं आजही ताक पितात, हे मी आमच्याच घरात बघतो. तो समोर ठेवणारं कुणीतरी हवं.

व्यायाम हा शब्द तालमीतल्या पोरांपुरता होता. बाकीच्यांसाठी विहीर होती. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा. चुलता खालच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा. पाय मारायला जमले की तो न सांगता दोरीची गाठ सैल करत जायचा. डोळे लाल होईपर्यंत डुंबून वर आलं की अशी भूक लागायची की शिळी भाकरी-चटणीही पुरत नसे. संध्याकाळी ऊन उतरलं की सूरपारंब्या, लगोरी, दिवेलागणीपर्यंत.

त्या दिवसांत सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मुली जरा मोठ्या झाल्या की त्यांची विहीर बंद व्हायची. बायका उन्हात कुरडया घालायच्या आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायच्या. आज सांगलीत मुली पोहायला शिकतात, हे तेव्हापेक्षा कितीतरी बरं आहे.

आता ऊन वाढलं म्हणून मुलं खेळत नाहीत, असं म्हणतात. ऊन आहेच, सिमेंटच्या खोल्या रात्रीही तापलेल्या असतात. पण मुलं मोबाईल घेऊन मध्यरात्रीपर्यंत जागी राहतात आणि नऊला उठतात, तोवर खेळायची वेळ निघून गेलेली असते. संध्याकाळी शिकवणी. उन्हाच्या दोन्ही बाजूंचे थंड तास असे हातचे जातात.

आणि विहिरी आटल्या. द्राक्षबागांसाठी बोअर खोल खोल गेल्या, पाणी त्यांच्यामागं गेलं. आता उन्हाळ्यात पाणी दिसतं ते शेततळ्यात. त्याला पायऱ्या नाहीत. उताराला प्लॅस्टिकचा कागद, ओला झाला की पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही दोराशिवाय वर येऊ शकत नाही. त्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तळ्याला कुंपण घाला, आत गाठी मारलेला दोर सोडा, हे शेतकऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं. आणि पायऱ्यांची एखादी जुनी विहीर गावानं गाळ काढून पुन्हा पाण्याची करावी. सकाळी सहा ते आठ, पायरीवर एक जाणता माणूस, आणि या वेळी मुलींनाही बोलवा.