वसईच्या वाटेवरचं तारापूर

वसई रोड स्टेशनाबाहेरून किल्ल्याकडे जाणाऱ्या बसमध्ये पर्यटक कमी आणि घरी निघालेली माणसंच जास्त असतात. पारनाका मागे पडतो आणि थोड्याच वेळात रस्ता तटबंदीच्या आत शिरतो. वड-पिंपळाच्या मुळांनी कवेत घेतलेल्या भिंती, ताडाची झाडं, छप्पर उडालेली चर्चं. पलीकडे किल्लाबंदरचा कोळीवाडा आणि वाऱ्यावर येणारा सुक्या बोंबलांचा वास.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची 205 वर्षं ती त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी होती. 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया इथलेच. पडक्या चर्चच्या जमिनीकडे नीट पाहिलं तर पायाखाली थडग्यांच्या शिळा दिसतात. घराण्याची कोरीव चिन्हं, त्याखाली रोमन लिपीतल्या ओळी. काही अक्षरं झिजून सपाट झाली आहेत, काहींच्या खाचांत शेवाळ बसलंय.

दर्या दरवाजाच्या फळ्यांवर लोखंडी खिळ्यांची रांग अजून शाबूत आहे. फेब्रुवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या मराठा फौजेने या किल्ल्याला मोर्चे लावले. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, त्यामुळे जमिनीच्या बाजूनेच सुरुंग लावत पुढे सरकावं लागलं. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला, निकराचे हल्ले झाले आणि पोर्तुगीजांनी तहाची बोलणी लावली. शस्त्रांनिशी, मानाने बाहेर पडण्याची मुभा त्यांना मिळाली. इथल्या चर्चच्या घंटा पुढे महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा याच मोहिमेची आठवण म्हणून ओळखली जाते.

किल्ल्यात चिमाजी आप्पांचं स्मारक आहे आणि बहुतेकांची सहल तिथेच संपते. पण वसईच्या विजयाची किंमत समजून घ्यायची, तर विरारहून डहाणूची लोकल पकडायला हवी.

वैतरणेची खाडी ओलांडली की सफाळे, केळवे रोड, पालघर अशी स्टेशनं लागतात. चिमाजी आप्पांची फौज जानेवारी 1739 मध्ये याच पट्ट्यात लढत होती. हिशेब साधा होता: उत्तरेकडची ठाणी पोर्तुगीजांकडे राहिली असती, तर वसईच्या मदतीला दमणहून येणारी वाट मोकळीच राहिली असती. म्हणून आधी माहीम, केळवे, शिरगाव घेतलं. मग तारापूर.

बोईसरला उतरून पश्चिमेला निघालं की आधी औद्योगिक वसाहत लागते. 1969 मध्ये वीज देऊ लागलेल्या अणुऊर्जा केंद्रामुळे तारापूरचं नाव देशभर झालं. त्याआधीचं तारापूर खाडीच्या काठावर आहे. समोर चिंचणी आणि अलीकडे पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला. आत आता खासगी वाडी आहे.

या तटाखाली बाजी भिवराव रेठरेकर पडले.

बाजी भिवराव हे बाजीराव पेशव्यांचे जिवलग. थोरल्या बाजीरावांभोवती जी धाडसी तरुण मंडळी जमली होती, त्यांतले एक. तारापूरच्या पोर्तुगीज शिबंदीने अखेरपर्यंत झुंज दिली, त्यांचा किल्लेदारही लढताना मेला. किल्ला मराठ्यांच्या हाती आला, पण त्याच झुंजीत बाजी भिवरावांना गोळी लागली आणि ते गेले. वसई अजून चार महिने दूर होती.

बाजीराव तेव्हा तारापुरात नव्हते. बातमी कळल्यावर त्यांनी बाजी भिवरावांच्या आईला पत्र लिहिलं. तुमचं सांत्वन कोणत्या शब्दांनी करावं, असं ते विचारतात. आपला भाऊच गेला, देवाने फार मोठा घाला घातला, असं म्हणतात. आणि शेवटी त्या माउलीला सांगतात, की आता त्यांच्या जागी मला मुलगा समजा. त्यात पेशवाईचा थाट कुठेच नाही. मित्राच्या घरी काय कोसळलं असेल, ते जाणणारा माणूस हे लिहितो आहे. त्या वेळी तो स्वतः चाळिशीच्याही आत होता.

नादिरशहाच्या स्वारीने दिल्ली हादरली ती त्याच वर्षी. बाजीरावांना शोक करत बसायला सवड नव्हती. तारापूरनंतर पंधरा महिन्यांनी, 28 एप्रिल 1740 रोजी, नर्मदेकाठी रावेरखेडी इथे तापाने तेही अचानक गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिमाजी आप्पांनी डोळे मिटले. जानेवारी 1739 ते डिसेंबर 1740, एवढ्या काळात हे तिघेही संपले.

रावेरखेडीला बाजीरावांची समाधी आहे, वसईत चिमाजी आप्पांचं स्मारक. बाजी भिवरावांसाठी तारापूरलाच यावं लागतं. वसई पाहायला निघणाऱ्याने दुसरा दिवस त्यासाठी राखून ठेवावा. वाडीत जायला मालकांची परवानगी आधी घ्यावी. ती नाही मिळाली, तरी बाहेरून तटाची उंची पाहिली की पहिल्या फळीत धावलेल्यांपुढे काय उभं होतं ते दिसतं.